आदिवासी तालुक्यांतला न काढलेला ईसीजी: दोन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि माननीय आदिवासी विकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

आपणा दोघांना एकच पत्र लिहितो आहे. ज्या विषयावर लिहायचे आहे तो दोन्ही खात्यांचा आहे, आणि कदाचित त्यामुळेच तो कुणाच्याही टेबलावर नीट आलेला नाही. आदिवासी भागातले आरोग्य म्हटले की बैठकीत कुपोषण येते, मातामृत्यू येतात, मलेरिया, सिकलसेल, सर्पदंश येतो. ते सगळे यायलाच हवे, त्यावर अजूनही पुरेसे काम झालेले नाही. पण हृदयरोगाचा विषय तिथे निघालेला मी क्वचितच पाहिला. कुणी काढलाच तर उत्तर ठरलेले असते. आदिवासी माणूस डोंगर चढतो-उतरतो, कष्ट करतो, साधे खातो, त्याला कुठला हार्ट ॲटॅक! असे म्हणणारी माणसे वाईट नसतात. त्यांना आदिवासींविषयी आपुलकीच असते. पण या समजुतीपायी किती माणसे तपासणीविनाच गेली याचा हिशेब कुणीतरी मागायला हवा, म्हणून हे पत्र.

मी आदिवासी तालुक्यांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे. तिथे जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की आदिवासींमध्ये हृदयरोग कमी दिसतो तो शोधला जात नाही म्हणून. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावरचा आलेख, काढला नाही की हार्ट ॲटॅक सापडत नाही. सापडला नाही की नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून मागणी जात नाही, मागणी नाही म्हणून यंत्र येत नाही, तंत्रज्ञाचे पद भरले जात नाही, औषध साठ्यात राहत नाही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी म्हणते की इथे हृदयरोग नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचे १ कोटी ५ लाखांहून अधिक लोक आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. नंदुरबार जिल्ह्यात दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी आहेत, गडचिरोलीत ३८ टक्क्यांहून अधिक. केंद्राच्या आरोग्य आणि आदिवासी कार्य मंत्रालयांनी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली अहवाल दिला. आदिवासी समाज तिहेरी ओझ्याखाली आहे असे त्या अहवालाने स्पष्ट लिहिले: कुपोषण आणि संसर्गजन्य आजार हे जुने ओझे, त्यावर रक्तदाब-मधुमेहासारखे आजार, आणि त्यावर व्यसने व मानसिक आजार. राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरोने महाराष्ट्रासह नऊ राज्यांतल्या आदिवासी भागात पाहणी केली, तेव्हा साधारण चार प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब आढळला. आपल्याला रक्तदाब आहे हे त्यांच्यातल्या दहा टक्क्यांनाही माहीत नव्हते. म्हणजे आजार शहराच्या तोडीचा, आणि त्याची जाणीव जवळपास शून्य.

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातल्या ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणे घरोघर विचारपूस करून शोधली. मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण निघाले पक्षाघात, लोक ज्याला लकवा म्हणतात तो. शंभरातले चौदा मृत्यू त्याचे होते. ही सगळी गावे आदिवासी नव्हती, हे खरे. पण मुंबई-पुण्यापासून इतक्या दूरच्या, गरीब, कष्टकरी जिल्ह्यात लकवा पहिल्या क्रमांकावर असेल असे ती पाहणी होण्याआधी कुणी मानले असते का? लकवा आणि हार्ट ॲटॅक एकाच मुळातून येतात. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, खर्रा. जिथे एक आहे तिथे दुसरा नसेल असे मानायला वैद्यकीय आधार काहीच नाही. फरक एवढाच की लकवा डोळ्यांना दिसतो. तोंड वाकडे होते, हातपाय लुळे पडतात, शेजारीही सांगू शकतो. हार्ट ॲटॅक ओळखायला कागदावरची रेघ लागते.

त्या रेघेपर्यंत माणूस कसा पोचतो, की पोचतच नाही, ते सांगतो.

भामरागड तालुक्यातल्या एखाद्या आतल्या पाड्यावरचा पन्नाशीचा माडिया शेतकरी धरा. पहाटे छाती भरून येते, घाम फुटतो, डावा हात जड होतो. घरचे आधी पुजाऱ्याला बोलावतात. पुजारी गावातच असतो, रात्री-अपरात्री येतो आणि त्यांच्या भाषेत बोलतो. मग आशाताई येते. तिच्याकडे तापाच्या, जुलाबाच्या गोळ्या असतात. पायवाट संपेपर्यंत खाटेवर, पुढे मिळेल त्या गाडीने तो प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तिथे ईसीजीचे यंत्र असेलच असे नाही. असले तर त्याचा कागद संपलेला असतो, किंवा लीड, म्हणजे अंगाला जोडायची तार, तुटलेली असते, किंवा यंत्र खोक्यातच असते, कारण ते चालवायला कुणाला शिकवलेले नसते. बहुतेक वेळा ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले जाते. थोडे बरे वाटले तर तो घरी जातो. नाही वाटले तर ‘रेफर’ होतो: आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याच्या सिव्हिलला, तिथून नागपूर. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर निघतो आणि प्रत्येक टप्प्यावर तास जातात. हृदयाच्या स्नायूला एवढे तास परवडत नाहीत.

असा माणूस वाटेत किंवा घरी गेला तर त्याच्या मृत्यूचे कारण काय लिहिले जाते? बहुतेकदा काहीच नाही, किंवा ‘म्हातारपण’, किंवा ‘अचानक मृत्यू’. २०२० साली संपूर्ण देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. आदिवासी तालुक्यांत मृत्यू घरी होण्याचे प्रमाण जास्त, तेव्हा तिथे काय स्थिती असेल हे सांगायला नको. मग आपल्यासमोर येणाऱ्या तक्त्यात हृदयरोगाचा रकाना कसा भरणार?

यावर खात्यातून एक उत्तर नेहमी येते. ते इथेच खोडून काढले पाहिजे. ‘आदिवासी उशिरा येतात, अंधश्रद्धा आहे, आम्ही काय करणार?’ हे उत्तर आपल्याकडचे एकट्याचे नाही. जगात जिथे जिथे एखाद्या वंशाच्या किंवा जमातीच्या लोकांना हृदयाची तपासणी कमी मिळते, तिथे तिथे हेच सांगितले गेले आहे. ब्रिटनचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे मागे राहणारे लोक आपलेच होते. भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण तिथल्या गोऱ्यांपेक्षा जास्त होते. तेव्हाही म्हटले गेले की हे लोक छातीत दुखले तरी अंगावर काढतात. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये वायव्य लंडनमधला एक अभ्यास छापून आला. छातीत असे असे दुखले तर काय कराल, असे लोकांना विचारले होते. ताबडतोब डॉक्टरकडे जाऊ असे म्हणणारे दक्षिण आशियाई गोऱ्यांपेक्षा कमी निघाले नाहीत, उलट जास्तच निघाले. पुढे २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दुसरा अभ्यास आला. इंग्लंडमधल्या सहा क्लिनिकमध्ये छातीदुखीसाठी आलेल्या १३७५ रुग्णांना अँजिओग्राफीची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीची, गरज किती आहे हे प्रत्येकाच्या बाबतीत तज्ज्ञांच्या निकषांवर ठरवले होते. ती प्रत्यक्षात होण्याची शक्यता दक्षिण आशियाई रुग्णांत गोऱ्यांच्या तुलनेत निम्म्याहूनही थोडी कमी होती. बायका, वयस्क आणि गरीब वस्त्यांतले लोकही मागे पडले होते. आणि ज्यांना गरज असून ती झाली नाही, त्यांना पुढे हृदयविकाराचा त्रास जास्त झाला. रुग्ण दारात आले होते. दाराच्या आत त्यांची तपासणी अडली होती.

ब्रिटनमधली ही वागणूक वाचली की आपल्याला लगेच अन्याय दिसतो, कारण तिथे आपण अल्पसंख्य आहोत. धडगावच्या पावऱ्याच्या, मेळघाटातल्या कोरकूच्या, रायगडातल्या कातकऱ्याच्या बाबतीतही तो तितक्याच लवकर दिसायला हवा.

देशातलाही पुरावा आहे. ‘क्रिएट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदणी अभ्यासात भारतातल्या ८९ रुग्णालयांतले वीस हजारांहून अधिक हृदयविकाराचे रुग्ण होते. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जमातीनुसार विभागणी नव्हती, गरीब-श्रीमंत अशी होती. तीस दिवसांत गरिबांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५ टक्के. कुणाला कोणते उपचार मिळाले हे हिशेबात धरल्यावर हा फरक नाहीसा झाला. वय, इतर आजार, धोक्याची लक्षणे धरून तो गेला नव्हता. गरीब माणूस जास्त मेला तो त्याला तीच औषधे, त्याच शस्त्रक्रिया मिळाल्या नाहीत म्हणून. हे वाक्य मंत्रालयातल्या प्रत्येक संबंधित अधिकाऱ्याने एकदा सावकाश वाचावे अशी माझी विनंती आहे.

आता मागण्यांकडे येतो. मला आपल्याकडून भामरागडमध्ये कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सुसज्ज खोली, नको आहे. ती तिथे चालणार नाही, आणि ती मागितली की मूळ प्रश्न बाजूला पडतो. पहिली गरज ईसीजीची आहे. छातीत दुखणारा माणूस आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा ईसीजी निघाला पाहिजे, हा जगभर मानलेला निकष आहे. आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे हा आपलाच नियम आहे, बिगर-आदिवासी भागात तो तीस हजारांचा आहे. म्हणजे केंद्रे दाट असावीत हे शासनाने केव्हाच मान्य केले आहे. त्या प्रत्येक केंद्रात, आणि रस्ता नसलेल्या भागात उपकेंद्रातसुद्धा, चालू स्थितीतला बारा लीडचा ईसीजी हवा. चालू स्थितीतला हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहितो आहे. यंत्र खरेदी होते तेव्हा फोटो निघतो. कागदाचे रोल, इलेक्ट्रोड, जेल, बॅटरी यांची मागणी वर्षभर कोण करणार, हे खरेदीच्या फायलीत नसते. ते असायला हवे.

रेघ वाचायला तज्ज्ञ तिथे बसलेला असण्याची गरज नाही. मोबाइलवरून पाठवलेला ईसीजी शहरातला डॉक्टर काही मिनिटांत वाचून कळवू शकतो. राज्यात गंभीर हार्ट ॲटॅकसाठीचा ‘स्टेमी’ प्रकल्प याच पद्धतीने, मुख्य रुग्णालय आणि त्याला जोडलेली छोटी केंद्रे अशा रचनेत सुरू झालेला आहे. माझी विचारणा एवढीच आहे की त्यात अक्कलकुवा, धडगाव, धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतली किती केंद्रे जोडली आहेत, आणि त्या केंद्रांतून गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती ईसीजी गेले? नेटवर्क नसलेल्या गावांतून ईसीजी कसा पाठवायचा, याचा विचार प्रकल्प आखतानाच झाला पाहिजे. नंतर झाला तर नेटवर्क असलेली गावे आधी जोडली जातात आणि बाकीची ‘दुसऱ्या टप्प्यात’ राहतात. दुसरा टप्पा आदिवासींच्या वाट्याला किती वेळा आला आणि किती वेळा रद्द झाला, ते आपणा दोघांना माहीत आहे.

ईसीजीवर हार्ट ॲटॅक दिसला की पुढचे पाऊलही तिथेच टाकता आले पाहिजे. ॲस्पिरिन चघळायला देणे हे तर आशाताईच्या पिशवीतूनही होऊ शकते, डॉक्टरशी फोनवर बोलून. १९८८ साली सतरा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ‘आयसिस-२’ चाचणीने दाखवून दिले की ॲस्पिरिन आणि रक्ताची गाठ विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळाले तर पाच आठवड्यांतले मृत्यू चाळीस टक्क्यांहून अधिक घटतात. या गोष्टीला पस्तीस वर्षे उलटून गेली. टेनेक्टेप्लेज हे नंतर आलेले औषध तर वजनानुसार एकाच इंजेक्शनात शिरेतून देता येते. ते महाग आहे आणि रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून द्यायच्या आधी प्रश्नांची यादी तपासावी लागते. ही यादी शिकवता येते. ग्रामीण रुग्णालयातला एमबीबीएस डॉक्टर, सोबत फोनवर हृदयरोगतज्ज्ञ, एवढ्यावर हे इंजेक्शन सुरक्षितपणे देता येते. पहिल्या दोन-तीन तासांत दिले तर त्याचा सर्वांत जास्त फायदा. त्यानंतर रुग्णाला नागपूरला किंवा नाशिकला न्यायला वेळ मिळतो. चोवीस तासांत अँजिओग्राफी झाली तरी चालते, आणि चोवीस तासांत गडचिरोलीच्या कुठल्याही टोकावरून नागपूर गाठता येते. तमिळनाडूत हीच रचना लावून पाहिली. छोट्या रुग्णालयांना मोठ्याशी जोडले, रुग्णवाहिका जोडल्या. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. आपल्याकडे २०१४ पासून १०८ ची सेवा आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. त्यात ईसीजी काढून पुढच्या रुग्णालयाला आधीच कळवण्याची सोय झाली तर रेफरच्या साखळीतला एक-दोन टप्प्यांचा वेळ सहज वाचेल. छातीदुखीच्या रुग्णाला मधल्या रुग्णालयात नव्याने केसपेपर काढायला न लावता सरळ जिथे इंजेक्शन आहे तिथे न्यावे, असा साधा लेखी आदेशही पुरेसा आहे.

भरारी पथकातल्या डॉक्टरांविषयी इथे लिहिलेच पाहिजे. नवसंजीवनी योजनेतून आदिवासी पाड्यांवर जाणारे हे मानसेवी डॉक्टर वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर काम करतात. पाड्यावरचा माणूस ज्या डॉक्टरला चेहऱ्याने ओळखतो तो हाच. पण हृदयरोग ओळखण्याचे प्रशिक्षण त्यांना देण्याचा विचारही होत नाही, कारण त्यांचे काम कुपोषण आणि मातामृत्यू असे ठरून गेले आहे. त्यांच्या हातात ईसीजी आणि रक्तदाबाचे यंत्र द्या. आणि त्यांचे मानधन वाढवा, त्याशिवाय नवे काम लादू नका.

हार्ट ॲटॅकइतकाच, किंबहुना माझ्या अनुभवात त्याहून जास्त दुर्लक्षित राहिलेला आजार आहे तो संधिवातजन्य हृदयरोग. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात. उपचार होत नाहीत आणि हृदयाच्या झडपा आत आक्रसत जातात. पुढे ती मुलगी सासरी जाते. पहिल्या बाळंतपणात सातव्या-आठव्या महिन्यात तिला दम लागतो, रात्री आडवे होता येत नाही. तेव्हा सगळे म्हणतात रक्त कमी आहे. रक्त कमी असतेही. पण स्टेथोस्कोपने ऐकणाऱ्याला घाई असते आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जवळपास कुठे होत नाही. अशा बाईचा मृत्यू मातामृत्यूत मोजला जातो. त्यात ‘हृदयरोग’ लिहिलेला असला तरी तो बाळंतपणाआधी दहा वर्षे शोधता आला असता हे कुणी लिहीत नाही.

हा आजार आश्रमशाळेत सापडू शकतो. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत. लाखो आदिवासी मुले वर्षातले बहुतेक महिने एका जागी राहतात, आणि ती आदिवासी विकास विभागाच्या ताब्यात आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेत, २०१३ पासून हृदयाचे जन्मजात दोष आणि संधिवातजन्य हृदयरोग दोन्ही शोधायचे आहेत. पण पथकाने एका दिवसात कित्येक मुले तपासायची असतात, तिथे छातीवरचा बारीक आवाज ऐकला जाईल ही अपेक्षा फोल आहे. युगांडात आणि फिजीत प्रशिक्षित परिचारिकांनी हातात मावणाऱ्या इको यंत्राने शाळेतली मुले तपासली आहेत. आपल्याकडे एक खरी अडचण आहे ती पीसीपीएनडीटी कायद्याची. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी फिरत्या सोनोग्राफी यंत्रांवर निर्बंध आहेत आणि हृदयाचे इको यंत्रही त्याच्या कक्षेत येते. तो कायदा गरजेचा आहे, त्याला धक्का लावा असे मी म्हणत नाही. पण शासकीय पथकाला, नोंदणी करून, ठरलेल्या शाळांत, फक्त हृदय तपासण्यासाठी हे यंत्र नेता येईल अशी सोय या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या जिल्हा समुचित प्राधिकाऱ्यामार्फत करून घेणे आपल्या दोन खात्यांना अशक्य नाही. ज्या मुलांना आजार सापडेल त्यांना दर एकवीस दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे लागते. इंजेक्शन स्वस्त आहे, तरी साठ्यात अनेकदा नसते. रिॲक्शनच्या भीतीने कर्मचारी ते द्यायलाही कचरतात. आश्रमशाळेच्या जवळच्या केंद्रात हे इंजेक्शन आणि रिॲक्शन आली तर लागणारी औषधे दोन्ही कायम असावीत.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी मोफत आहेत. २०२३ च्या निर्णयाने संरक्षण पाच लाखांपर्यंत गेले, हे चांगले झाले. पण ही योजना रुग्णालयाच्या दारात सुरू होते. ज्याचे निदानच झाले नाही त्याला पाच लाख काय आणि पन्नास लाख काय, सारखेच. शिवाय मोफत म्हणजे घरच्यांना फुकट नसते. सोबत दोन माणसे जातात, त्यांची मजुरी बुडते, जेवण, राहणे, परतीचे भाडे लागते. नागपुरात कुणी ओळखीचे नसते आणि वॉर्डातले बोलणे कळत नाही. अशा वेळी ‘नको, घरी नेतो’ असे नातेवाईक म्हणतात आणि कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ असे लिहिले जाते. हा शिक्का आदिवासी रुग्णांवर किती वेळा बसतो, तो का बसतो, हे कुणीतरी बसून तपासायला हवे. माडिया, गोंडी, कोरकू, पावरी, भिली बोलणारा एक माणूस मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात पगारी नेमला, नातेवाइकांच्या राहण्या-जेवणाची सोय आदिवासी विकास विभागाने केली, तर यातले बरेच रुग्ण थांबतील. आशाताईला सोबत पाठवले तर तिचीही त्या दिवसांची मजुरी द्यावी. हे काम तिच्याकडून फुकट करून घेऊ नये.

कातकऱ्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागते. पावसाळा संपला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. नंदुरबारचे भिल्ल, पावरे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. रक्तदाबाची गोळी रोज, आयुष्यभर घ्यायची असते आणि आपण देतो महिनाभराची. दिवाळीनंतर गाव रिकामे झाले की उपचार तुटतो, आणि मग नोंदीत येते ‘रुग्ण फॉलोअपला आला नाही’. स्थलांतराच्या आधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आणि त्याचे कार्ड वीटभट्टीजवळच्या केंद्रातही चालेल असे करा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेह तपासणी हा तर चालू असलेला राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. तो वीटभट्टीवर आणि ऊसतोडीच्या तळावर पोचवायला नव्या कायद्याची गरज नाही.

सिकलसेलचे उदाहरण मला आशादायक वाटते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. पाड्यापाड्यावर पथके जातात, बोटातून रक्त घेतात, कार्ड देतात. म्हणजे ठरवले तर आदिवासी पाड्यापर्यंत तपासणी नेता येते. त्याच पथकासोबत रक्तदाब मोजणे, चाळिशीपुढच्या माणसाला दम लागतो का, छातीत दुखते का हे विचारणे, आणि संशय आला तर तिथेच ईसीजी काढणे, यात जास्तीचा खर्च फार थोडा आहे. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखले की ते सिकलचेच दुखणे असे गृहीत धरून हृदयाकडे पाहिलेच जात नाही, हा धोकाही त्यामुळे कमी होईल.

शेवटी मोजणीविषयी. आदिवासींना हृदयाची तपासणी कमी मिळते असे मी म्हणतो आहे. आपले खाते म्हणू शकते की हे सिद्ध करा. राज्यभराची सिद्धता ज्या नोंदींमधून व्हायची त्या आपल्याच ताब्यात आहेत. जन आरोग्य योजनेत किती अँजिओग्राफी, किती अँजिओप्लास्टी, किती झडपांच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतले रुग्ण कोणत्या तालुक्यातले आणि किती अनुसूचित जमातीचे, १०८ ने छातीदुखीचे किती रुग्ण कुठून उचलले, कोणत्या केंद्रातून किती ईसीजी निघाले. नावे, पत्ते काढून टाकून हे आकडे तालुकावार आणि जमातवार जाहीर करता येतात. लोकसंख्येच्या ९ टक्क्यांहून अधिक असलेल्या समाजाच्या वाट्याला अँजिओग्राफीतले किती टक्के आले, हा एकच आकडा पुढे आला तरी पुष्कळ वाद मिटेल.

नागपूरच्या येत्या हिवाळी अधिवेशनात हा तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवावा, अशी आपणा दोघांना विनंती करतो. ज्या तालुक्यांची माहितीच उपलब्ध नसेल त्यांच्या नावापुढचा रकाना कोरा राहील. तो भरण्यासाठी अंदाजे आकडा टाकू नये, तालुका यादीतून वगळूही नये. कोरा रकाना कोराच छापावा आणि तो किती महिन्यांत भरला जाईल याची तारीख शेजारी लिहावी.

कळावे,

आपला नम्र,
आदिवासी भागात काम केलेला एक वैद्यकीय अधिकारी